शेवटचे दहा दिवस पेन्सिलीने

विठोजीराव मान्यांना आयुष्यात कुणी फारसं काही विचारलं नव्हतं. सरकारी कचेरीत तेहतीस वर्षं त्यांनी पावसाच्या नोंदी ठेवल्या, आणि पाऊस हा विषयच असा की प्रत्येकाला वाटतं, तो आपल्याला जास्त कळतो. त्यात माणूस भारी बारीक. त्यांच्यापुढे साधं ‘काल पाऊस झाला’ म्हणायची सोय नव्हती. ‘काल म्हणजे काल सकाळी साडेआठपासून आज सकाळी साडेआठपर्यंत ना?’ असं ते शांतपणे विचारत. त्यामुळे लग्नात, बारशात, मंडळाच्या बैठकीत विठोजीरावांनी तोंड उघडलं की शेजारचा माणूस हळूच पलीकडे वळे. त्यांची बायको रत्नाबाई ह्या सवयीला ‘साडेआठचं शास्त्र’ म्हणायची, आणि पाहुण्यांना सांगायची, की ह्यांनी आमचं लग्न लागल्याची वेळही अजून नक्की केलेली नाही.

घराणं बंगळूरचंच. कुठल्या पूर्वजाने कुठल्या फौजेबरोबर येऊन इथं चूल मांडली ते आता कुणाला नीट सांगता येत नाही, पण तीन-साडेतीनशे वर्षं झाली असतील. घरात मराठी, दारात कन्नड, आणि जिन्यात दोन्हींचा काला. जयनगरात वरच्या मजल्यावर दोन खोल्या, गच्चीत एक पत्र्याचं नळकांडं. निवृत्तीनंतरही विठोजीराव रोज सकाळी साडेआठला त्या नळकांड्यातलं पाणी मोजत. कोरड्या दिवशीसुद्धा वर जाऊन बघत आणि वहीत शून्य लिहीत. शून्य हीसुद्धा नोंद आहे, न लिहिणं ही चोरी, असं त्यांचं म्हणणं.

मग महामारीची दुसरी लाट आली आणि ह्याच माणसाला एकाएकी भाव आला.

रोज संध्याकाळी फोनवर सरकारी पत्रक यायचं. पहिल्या पानावर ठळक आकडे: आज इतके नवे रुग्ण, आज इतके मृत्यू. बहुतेक लोक ते पान बघत, देवाचं नाव घेत आणि फोन पालथा ठेवत. विठोजीराव मात्र मागची पानं वाचत. मागे लांबलचक यादी असायची, गेलेल्या प्रत्येक माणसाची एक ओळ. जिल्हा, रुग्णक्रमांक, वय, स्त्री की पुरुष, काय होत होतं, दाखल झाल्याची तारीख, गेल्याची तारीख. नाव तेवढं नसे.

पहिल्याच दिवशी त्यांना दिसलं, की ‘आजचे मृत्यू’ आजचे नसतात. कुणी काल गेलेला, कुणी परवा, कुणी आठ दिवसांपूर्वीचा, एखादी बाई तीन आठवड्यांमागची. आज फक्त त्यांचा कागद पोचलेला. विठोजीरावांना हे नवं नव्हतं. त्यांच्या पावसाच्या रजिस्टरात तारखेचे दोन रकाने असत, एक पडल्याचा आणि एक कळल्याचा. तालुक्याचा मोजणारा रविवारी सासुरवाडीला गेला की दोन दिवसांचं पाणी सोमवारच्या नावावर पडे, आणि नवा कारकून ‘सोमवारी अतिवृष्टी’ असं लिहून मोकळा होई. अशा पोराला विठोजीराव समोर बसवून सांगत, ‘पाऊस कळला कधी ते नको सांगू. पडला कधी ते सांग.’

आणखी एक गोष्ट ते हमखास सांगत. एका तालुक्यातून एकदा भर ऑगस्टात अकरा दिवस शून्य आलं. साहेब खूष, म्हणाले उघडीप पडली. प्रत्यक्षात तिथं पूल वाहून गेला होता. झालं होतं असं, की मोजणारा विषमज्वराने पडला होता आणि त्याच्या जागी कुणीतरी कचेरीत बसूनच शून्यं भरत होतं. गोष्ट संपली की विठोजीराव बोट वर करून म्हणत, ‘मोजणारा आजारी पडला, की कागदावर पाऊस थांबतो.’ तेहतीस वर्षांत ही गोष्ट त्यांनी दीडदोनशे वेळा तरी सांगितली असेल. रत्नाबाईला ती पाठ होती.

तर अशा माणसानं मृत्यूंचा आलेख काढायला घेतला. मोठा आलेखाचा कागद जेवणाच्या टेबलावर पसरलेला, त्यामुळे नवराबायको मांडीवर ताट घेऊन जेवत. यादीतल्या शहरातल्या ओळी ते भिंगाने वाचत आणि प्रत्येक माणसाला त्याच्या जाण्याच्या तारखेवर नेऊन ठेवत. एका तारखेला एक उभा खांब. कालचा खांब आज नेहमी बुटका दिसे, कारण कालचे सगळे अजून कळलेले नसत. आठ-दहा दिवस तो हळूहळू वाढायचा आणि मग थांबायचा. म्हणून त्यांनी नियम केला, की शेवटचे दहा दिवस पेन्सिलीने काढायचे आणि त्यामागचे शाईने. आणि जे पेन्सिलीत आहे त्यावर मत द्यायचं नाही.

रात्री आठला ते मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चार ओळी टाकत. मंडळ म्हणजे बंगळूरमधली जुनी मराठी घरं, सगळी मिळून दीडशे. ‘आजचा आकडा कालपेक्षा मोठा आहे, पण त्यात गेल्या आठवड्याचे बरेच आहेत. पेन्सिलीबद्दल बोलत नाही. घरात राहावं.’ असं काहीतरी. आधी लोकांनी हसण्यावारी नेलं. मग एकेका घरात माणसं जायला लागली आणि हसणं थांबलं. आठ वाजून पाच मिनिटं झाली, की हंबीररावांचा फोन यायचा. हंबीरराव मंडळाचे चिटणीस, चिकपेटेत साड्यांचे घाऊक व्यापारी, आवाज मोठा, काळीज मऊ. दुकान बंद, दोन भाऊ आजारी. ते रोज म्हणत, ‘विठोजीराव, एकदा तरी बरं लिहा हो. माणसं तुमच्या चार ओळींची वाट बघत बसतात.’

पण त्याच्याही आधी, बरोबर साडेसातला, एक फोन यायचा. तो तानूबाईचा.

तानूबाई त्यांची धाकटी बहीण, वय एकोणसाठ. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. चिकपेटेच्या एका बोळात दुकानावरच्या खोलीत ती एकटी राही आणि घाऊकवाल्यांच्या साड्यांना फॉल-पिको करून देई. तिची एकुलती एक मुलगी पवित्रा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, व्हाइटफील्डला, चौदाव्या मजल्यावर. पवित्राला एप्रिलच्या सुरुवातीला मुलगी झाली. इस्पितळात एकाच माणसाला आत सोडत होते, तो जावई प्रणीत. म्हणजे तानूबाईने नात पाहिली ती फोनच्या काचेतून. तिने साड्यांच्या उरलेल्या काठांतून सात झबली शिवली, जुन्या लुगड्यांची तीन दुपटी शिवली, सगळं एका पिशवीत भरलं आणि पिशवी दाराच्या खिळ्याला टांगली. मुलीकडे जायचं, नातीला मांडीवर घ्यायचं, एवढंच तिचं मागणं होतं. आणि ते तिने भावाच्या हातात दिलं होतं.

‘अण्णा, आज किती?’

विठोजीराव आकडा सांगत.

‘मग? जाऊ का मी?’

‘बेडा, तानू. नको. स्वल्प थांब.’

‘सरी,’ ती कन्नडातच बरं म्हणे. आणि लगेच, ‘पोरीचे पाय माझ्यासारखे आहेत म्हणे. आता व्हिडिओत पाय कोण दाखवतंय? नुसतं तोंड, तोंड. पवित्राला म्हटलं, पाय दाखव, तर म्हणते, आई, ती मोजे घालून झोपलीय.’

असे सव्वीस दिवस गेले. सव्वीस वेळा तिने विचारलं आणि सव्वीस वेळा विठोजीरावांनी बेडा म्हटलं. नाही म्हणायला त्यांना सुख वाटत नव्हतं. तिचा ‘सरी’ रोज थोडा हळू होत चालला होता, तो त्यांना ऐकू येत होता. तिकडे पवित्रा आईला फोन करून रडायची. टाके दुखत होते, दूध नीट उतरत नव्हतं, कामवाल्या बायकांना इमारतीत सोडत नव्हते, प्रणीत दिवसभर लॅपटॉपपुढे. ‘आई, ये ना ग. मला एकटीला नाही जमत.’ तानूबाई हे सगळं भावाला सांगे, पण त्याच्या शब्दाबाहेर पाऊल टाकत नसे. लहानपणापासून तिचं तसंच. अण्णा म्हणाला पाऊस येईल, तर ती उन्हात छत्री घेऊन जायची.

मेच्या पहिल्या आठवड्यात आकडा उतरला. सोमवारी उतरला, त्याचं विठोजीरावांना काही वाटलं नाही, कारण रविवारचे कागद सोमवारी कमीच येतात. मंगळवारी आणखी उतरला. बुधवारी आणखी. गुरुवारी, सहा तारखेला, पहिल्या पानावरचा आकडा पंधरवड्यातला सगळ्यात लहान होता आणि मागची यादी इतकी आखूड, की ती बघूनच त्यांच्या छातीवरचं ओझं उतरलं. रविवारचा परिणाम गुरुवारपर्यंत टिकत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणजे हा उतार खरा, असं त्यांनी ठरवलं. यादी आखूड म्हणजे गेलेले कमी. यादी लिहिणारेच कमी असतील, हे त्यांच्या मनातच आलं नाही. जी गोष्ट दीडदोनशे वेळा सांगितली, ती त्या संध्याकाळी ते साफ विसरले.

खरं सांगायचं तर त्यांना विसरायचंच होतं. महिनाभर रोज मेलेल्या माणसांच्या ओळी वाचून तो माणूस पार थकला होता. रत्नाबाईने त्या दिवशी त्यांचा चेहरा पाहिला आणि विचारलं, ‘कमी आहे का हो?’ ते ‘हो’ म्हणाले, आणि तिने देवापुढं साखर ठेवली. त्या साखरेकडे बघत विठोजीरावांनी पेन उचललं आणि सोमवार ते गुरुवार हे चार बुटके खांब, जे अजून दहा दिवस पेन्सिलीतच राहायला हवे होते, ते शाईने काढले.

साडेसातला फोन वाजला.

‘अण्णा, आज किती?’

‘कमी आहे, तानू. चौथा दिवस कमी आहे.’

‘मग?’ ह्या वेळी ‘जाऊ का’ म्हणायचंही तिला धाडस झालं नाही.

‘जा,’ विठोजीराव म्हणाले. ‘उतार लागलाय. जा, बघून ये पोरीला.’

पलीकडे पिशवी खिळ्यावरून उतरवल्याची सळसळ. मग, ‘नक्की ना, अण्णा?’ आणि लगेच तिनंच उत्तर दिलं, ‘तू म्हणतोस म्हणजे नक्की.’

आठ वाजता त्यांनी ग्रुपवर लिहिलं, ‘उतार लागला आहे, असं वाटतं.’ दीडशे घरांतून हात जोडलेली चित्रं आली. हंबीरराव फोनवर चक्क रडले.

शुक्रवारी पहाटे तानूबाई ओळखीच्या रिक्षाने निघाली. दोन मास्क, डोक्यावरून पदर, मांडीवर पिशवी. व्हाइटफील्डला पोचल्यावर तिनं अंघोळ केली, कपडे बदलले आणि मग नातीला घेतलं. त्या दिवशी भावाला तिने फोटो पाठवला, त्यात ना बाळाचं तोंड होतं ना तिचं. नुसते दोन इवले पाय तिच्या तळहातावर. खाली लिहिलं होतं, ‘माझेच.’

पाच दिवस ती सुखात होती. सहाव्या दिवशी अंग तापलं. रिक्षात लागलं, लिफ्टमध्ये लागलं की चिकपेटेतूनच घेऊन आली, ते देवाला ठाऊक. तिने स्वतःच स्वतःला मागच्या खोलीत कोंडून घेतलं आणि दाराआडून पवित्राला तेल किती कोमट हवं ते सांगत राहिली. तिसऱ्या दिवशी धाप लागली. प्रणीतने चाळीस ठिकाणी फोन केले तेव्हा एका इस्पितळात खाट मिळाली. अठरा तारखेला, मंगळवारी दुपारी, ती गेली. विठोजीरावांना जाता आलं नाही. प्रणीतने स्मशानाच्या रांगेतून फोन केला, कॅमेरा सुरू केला, आणि समोर नुसत्या उभ्या गाड्याच गाड्या दिसल्या. ‘मामा, आपला नंबर एकोणिसावा आहे,’ तो म्हणाला. आयुष्यभर मोजत आलेल्या माणसाला हा आकडा ऐकवेना. त्यांनी फोन रत्नाबाईकडे दिला आणि गच्चीत जाऊन त्या पत्र्याच्या नळकांड्याजवळ बसून ओक्साबोक्शी रडले.

तिसऱ्या दिवशी पवित्राचा फोन आला. आवाज बसलेला.

‘मामा, मी मारलं आईला.’

‘काय बोलतेस हे, पवित्रा?’

‘मीच हट्ट केला. मी रोज रडायची. मी रडले नसते तर ती आली नसती. तिकडं खोलीत होती, नीट होती.’

इथं विठोजीरावांनी बोलायला हवं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण ते एवढंच म्हणाले, ‘असं नको म्हणूस, बाळ.’ ह्या वाक्याला काही अर्थ नव्हता. कुणी कुणाला का म्हणू नये, ते त्यात नव्हतं. तिला काय माहीत, की तिचं रडणं महिनाभर त्या खोलीच्या दारापर्यंत येऊन परत जात होतं, आणि दार उघडलं ते दुसऱ्याच कुणी? पुढे आठवड्यातून दोनदा तिचा फोन येई, दर वेळी तेच बोलणं होई, आणि विठोजीराव दर वेळी तसंच म्हणत. रत्नाबाई शेजारी बसून ऐकायची. तिने त्या गुरुवारचं ‘जा’ ऐकलं होतं. ती नवऱ्याकडे बघे, ते खाली कागदाकडे बघत.

चार दिवस त्यांनी ग्रुपवर काही लिहिलं नाही. मग हंबीररावांनी फोन केला, ‘तुमचं दुःख कळतं हो, पण लोक आंधळ्यासारखे झालेत,’ तेव्हा पुन्हा लिहायला लागले. पण आता त्यांना यादीत दुसरंच काही शोधायचं होतं. तानूबाईचा रुग्णक्रमांक त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवला होता. रोज संध्याकाळी भिंग घेऊन ते ती ओळ धुंडाळत. अठरा तारीख उलटून आठवडा झाला, दहा दिवस झाले, ओळ येईना. रत्नाबाई एकदा न राहवून म्हणाली, ‘आली काय नि न आली काय, माणूस तर गेलंच ना.’ विठोजीराव म्हणाले, ‘तिचा दिवस तिला मिळायला पाहिजे.’

आणि ती ओळ शोधता शोधता त्यांना दुसरंही दिसत होतं. रोजच्या यादीत मेच्या पहिल्या आठवड्याचे लोक येत होते. तीन तारीख, चार, पाच, सहा. आज पाच, उद्या आठ. ते चार शाईचे बुटके खांब रोज वाढत होते. नंतर कुणाकडून तरी कानावर आलं, की त्या दिवसांत याद्या भरणाऱ्यांपैकी बरेच जण स्वतःच तापाने अंथरुणात होते. हे ऐकलं तेव्हा विठोजीरावांनी चहाचा कप खाली ठेवला. मोजणारा आजारी पडला की कागदावर पाऊस थांबतो. त्यांची स्वतःची गोष्ट, त्यांचंच वर केलेलं बोट. शाई खोडता येत नव्हती. जुन्या उंचीवर काळी रेघ तशीच राहिली आणि तिच्या डोक्यावर ते पेन्सिलीने नवे चौकोन चढवत गेले.

जूनच्या चार तारखेला आकडा एकदम फुगला. खरं म्हणजे आठवडाभर सगळं निवत आलं होतं, इस्पितळांत खाटा मिळायला लागल्या होत्या, आणि अचानक पहिल्या पानावर एवढा मोठा आकडा. पत्रक आल्या आल्या ग्रुपवर घबराट उडाली. हंबीररावांनी आठची वाटही बघितली नाही. ‘विठोजीराव, परत आली का हो? तिसरी लाट का ही?’

‘थांबा,’ विठोजीराव म्हणाले, ‘यादी वाचू द्या.’

यादी लांब होती, सोळा पानांची. साचलेले सगळे कागद एकदम पोचले होते. अकराव्या पानावर अनुक्रमांक दोनशे चौदा. बंगळूर शहर, वय एकोणसाठ, स्त्री, ताप, धाप, दाखल चौदा मे, मृत्यू अठरा मे. त्यांनी कॅलेंडरवरचा क्रमांक दोनदा ताडून पाहिला. मग रत्नाबाईला हाक मारली आणि भिंग तिच्या हातात दिलं. तिने वाचलं आणि पदर तोंडाला लावला. साडेसात वाजून गेले होते. अठरा दिवस ह्या वेळेला घरात फोन वाजत नव्हता.

विठोजीरावांनी अठरा तारखेच्या खांबावर एक खूण वाढवली. तानू तिच्या दिवशी पोचली. मग ते बाकीची यादी भरत बसले. त्या दिवशीच्या यादीत सहा मेचे लोक इतके निघाले, की तो खांब कागदाच्या वरच्या कडेला टेकला. रत्नाबाईने जुन्या वहीचं पान कापून दिलं, ते त्यांनी खळीने वर चिकटवलं आणि उरलेले चौकोन त्यावर काढले. भरून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून कागद लांबून बघितला. दोन महिन्यांच्या खांबांत सगळ्यात उंच खांब सहा मेचा होता. त्या दिवशी त्यांनी तो बारा चौकोनांचा काढला होता. आता तो एकेचाळीस झाला होता. ज्या दिवशी शहरात सगळ्यात जास्त माणसं मरत होती, नेमक्या त्याच दिवशी त्यांनी बहिणीला सांगितलं होतं, की उतार लागलाय, जा.

रत्नाबाई म्हणाली, ‘आता तरी सांगा पोरीला. झुरून मरेल ती.’

‘तिला एकटीला नाही,’ विठोजीराव म्हणाले. ‘उतार मी सगळ्यांना सांगितला होता.’

आठची वेळ टळून गेली होती. त्यांनी एका बोटाने, अक्षर अक्षर जुळवत लिहिलं:

‘आजचा आकडा मोठा आहे. घाबरू नये. निम्म्याहून जास्त लोक मे महिन्यात गेलेले आहेत, आज फक्त कळले आहेत. अनुक्रमांक दोनशे चौदा ही माझी बहीण तानूबाई. ती आज गेली नाही, अठरा तारखेला गेली. सहा मे रोजी मी इथे उतार लागला असं लिहिलं होतं, ते चूक होतं. माझ्या कागदावर तो दिवस आता सगळ्यात वाईट दिवस आहे. जे पेन्सिलीत ठेवायचं ते मी शाईने काढलं. माझ्या शब्दावर त्या दिवशी आणखी कुणी घराबाहेर पडलं असेल तर मी त्यांचाही अपराधी आहे. पवित्राला वाटतं, की तिने बोलावलं म्हणून आई आली. तसं नाही. तानू सव्वीस दिवस मला रोज विचारत होती. सत्ताविसाव्या दिवशी मी जा म्हणालो, म्हणून ती गेली.’

खाली नाव लिहिलं, विठोजी माने, आणि पाठवलं.

हंबीररावांनी दुसऱ्या दिवशी फोन केला, ह्या खेपेला आवाज खाली होता. ‘कशाला लिहिलंत हे सगळं? कुणी तुम्हाला दोष देत नव्हतं.’

‘म्हणूनच,’ विठोजीराव म्हणाले.

पवित्राचा फोन आला नाही. तिने वाचलं होतं, निळ्या खुणा दिसत होत्या. दुसऱ्या दिवशीही आला नाही. रत्नाबाई म्हणाली, तुम्ही करा. विठोजीरावांनी फोन हातात घेतला आणि परत ठेवला. त्यांना वाटलं, बहिणीपाठोपाठ भाचीही दुरावली, आणि दुरावावी हेच बरोबर आहे. कागद मात्र ते रोज भरत होते, शेवटचे दहा दिवस पेन्सिलीने.

तिसऱ्या दिवशी पत्रक आलं. विठोजीरावांनी भिंग पुसलं, पहिलं पान सरकवलं, आणि फोन वाजला. साडेसात झाले होते. रत्नाबाई स्वयंपाकघरातून हातातला झारा तसाच घेऊन बाहेर आली.

विठोजीरावांनी फोन कानाला लावला. पलीकडे बाळ कुरकुरत होतं. त्याला थोपटल्याचा आवाज येत होता.

‘मामा,’ पवित्रा म्हणाली, ‘आज किती?’

आवाज थेट तानूचा. विठोजीरावांनी पहिलं पान परत पुढे ओढलं. मग त्यांनी पहिल्या पानावरचा आकडा सांगितला आणि ते थांबले. आता ती रडेल, आता ती बोलेल, काय बोलायचं ते बोलू दे, असं मनाशी म्हणत ते थांबले.

‘आणि,’ तिनं विचारलं, ‘त्यातले आजचे किती?’

हा प्रश्न तेहतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांना विचारला होता. फक्त त्या एका गुरुवारी स्वतःला विचारला नव्हता.

‘थांब हं,’ ते म्हणाले. ‘मोजून सांगतो.’

डोळ्यांतल्या पाण्यामुळे भिंगातून काही दिसेना, तेव्हा त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मग पहिल्या ओळीपासून ते एकेक माणूस मोठ्याने वाचायला लागले. वय, स्त्री की पुरुष, गेल्याची तारीख. यादी सात पानांची होती, आणि पवित्राने शेवटच्या ओळीपर्यंत फोन ठेवला नाही.